ट्रकचा हीटर कोर बदलताय? डॅशबोर्ड लावायची घाई करू नका

हीटर कोर म्हणजे इंजिनच्या गरम पाण्यावर केबिनची हवा तापवणारा छोटा रेडिएटर. त्याच्या कामासाठी माझ्याकडे येणाऱ्या ट्रकांपैकी बऱ्याच ट्रकांचा डॅशबोर्ड आधीच एकदा उघडून झालेला असतो. कोर नवा, होज (रबरी नळ्या) नवे, तरी मॅट ओली. नाहीतर मॅट कोरडी, पण एसीने मान टाकलेली. काम फार अवघड आहे असं नाही, क्रम चुकतो. चुकलेल्या क्रमाची किंमत म्हणजे डॅशबोर्ड पुन्हा खाली उतरवणं, म्हणजे गाडी आणखी दोन दिवस उभी.

"मुंबईत हीटर हवाय कुणाला? होज एकमेकांना जोडून टाका," असं शेठ लोक म्हणतात, आणि कळंबोलीपासून भिवंडीपर्यंत असे जुगाड केलेल्या गाड्या पायलीला पन्नास मिळतील. तात्पुरतं ठीक आहे. पण न्हावा शेवाला भरलेला कंटेनर जानेवारीत लुधियानाला जातो, तेव्हा ड्रायव्हर घोंगडी पांघरून गाडी चालवतो. पावसाळ्यात कसारा घाटात काच आतून धुरकटली की एसीने हवा कोरडी करून हीटरने ती कोमट करावी लागते, नुसत्या एसीने ड्रायव्हर गारठतो. आणि मुख्य म्हणजे एसीची कूलिंग कॉइल आणि हीटर कोर बहुतेक ट्रकांत एकाच डब्यात शेजारी-शेजारी बसलेले असतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. त्यामुळे असे जोडडबे आता वाढतच जाणार.

१. आधी ठरवा, पाणी कशाचं आहे

क्लीनरच्या पायाखालची मॅट ओली दिसली की लगेच कोरवर खापर फोडू नका. एसीच्या डब्यातून बाहेर जाणारी पाण्याची नळी धुळीने चोक झाली तरी पाणी तिथेच उतरतं. बोट बुडवून बघा.

पाणी स्वच्छ आहे, वास नाही, आणि फक्त एसी चालू असतानाच येतं, तर ती नळी साफ करा, काम संपलं. बोटाला तेलकट-चिकट लागतंय, गोडसर वास येतोय, हिरवा किंवा गुलाबी रंग दिसतोय, पुढच्या काचेवर आतून पुसूनही न जाणारा थर बसतोय, तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रसायन मिसळलेलं पाणी आहे. चव मात्र घेऊ नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं.

शंका राहिली तर इंजिन थंड असताना रेडिएटरला प्रेशर टेस्टर लावा आणि झाकणावर जेवढा दाब छापलाय तेवढाच द्या. पंधरा मिनिटांत काटा उतरला, बाहेर कुठेच थेंब नाही आणि केबिनमध्ये ठिपकतंय, तर कोर गेला.

हीटर गरमच होत नाही ही तक्रार वेगळी. इंजिन तापल्यावर कोरच्या दोन्ही होजना हात लावा. एक चटका देतो आणि दुसरा कोमट आहे, तर कोर चोक असेल किंवा आत हवा अडकली असेल. दोन्ही थंड असतील तर आधी हीटरचा कॉक आणि त्याची केबल बघा. केबल निसटलेल्या गाडीचा अख्खा डॅशबोर्ड उतरवलेला मी पाहिलाय.

> सावध: गळती बंद करायला रेडिएटरमध्ये हळद किंवा बाजारातली पावडर टाकू नका. संपूर्ण कूलिंगमध्ये सगळ्यात बारीक नळ्या हीटर कोरच्या असतात, हळद आधी तिथेच जाऊन बसते. आधीच कुणी टाकली असेल तर नवा कोर बसवण्याआधी सगळी सिस्टीम धुऊन घ्यावी लागेल.

२. एसीच्या गॅसला हात लावावा लागेल का?

हा प्रश्न पान्याला हात लावण्याआधी सोडवा. काही ट्रकांत डब्याच्या बाजूला एक झाकण असतं. चार स्क्रू काढले की कोर ड्रॉवरसारखा बाहेर सरकतो आणि एसीच्या पाइपांना स्पर्शही होत नाही. काहींत अख्खा डबा बाहेर आल्याशिवाय कोर निघत नाही, आणि डबा बाहेर यायचा तर कूलिंग कॉइलचे पाइप सोडवावेच लागतात. जुन्या, कंपनीचा एसी नसलेल्या गाड्यांत हीटरची पेटी वेगळीच असते, तिथे हा प्रश्नच नाही.

क्लीनरच्या बाजूचं खालचं कव्हर काढून टॉर्च मारा. पाच मिनिटांचं काम आहे. माझा अंदाज विचाराल तर, गॅस उगाच काढल्याची उदाहरणं मी तो न काढल्याने झालेल्या घोटाळ्यांपेक्षा कमी पाहिलेली नाहीत.

गॅस काढायची गरज नसेल तर टप्पा ४, ८ आणि ११ सोडून द्या, आणि टप्पा ९ मध्ये फक्त पाणी आणि फ्लॅप (गरम-थंड हवा वळवणारी झडप) तपासा.

३. सामान आणि जागा

जुना कोर हातात आल्याशिवाय नवा घेऊ नका, हे सांगायला सोपं आहे. पण गाडी उघडून ऑपेरा हाऊसला किंवा कुर्ल्याला पार्ट शोधत फिरणं परवडत नाही. म्हणून चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढा आणि दुकानात लांबी, रुंदी, जाडी, दोन्ही नळ्यांचा व्यास आणि त्या कुठल्या बाजूला निघतात एवढं मोजून घ्या. जाडीत पाच मिलिमीटरचा फरक असला तरी तो कोर डब्यात एकतर जाणार नाही किंवा आत खुळखुळेल.

जुना कोर तांब्या-पितळेचा असेल तर चांगला रेडिएटरवाला त्याला डाग देऊन चालवू शकतो. अॅल्युमिनियमच्या कोरवर डागडुजीचे पैसे घालवू नका.

बाकी यादी: कोरच्या दोन्ही होज आणि क्लॅम्प, कूलंट, बॅटरीच्या दुकानात मिळतं ते डीएम (क्षार काढलेलं) पाणी, फोमच्या पट्ट्या. गॅसचं काम असेल तर एसीच्या ओ-रिंग (जोडातल्या रबरी कड्या), नवा ड्रायर (एसीतला ओलावा शोषणारा डबा), कॉम्प्रेसरच्या लेबलवर लिहिलेल्याच ग्रेडचं तेल. पाइपांची तोंडं बंद करायला रबरी बुचं. होज मीटरवर कापून घेत असाल तर जुन्यापेक्षा इंचभरही आखूड घेऊ नका. केबिन उचलल्यावर होज ताणला जातो. खाली असताना बरोबर दिसणारा होज केबिन टिल्ट केली की कोरची नळी उपटतो.

ब्लोअर मोटर किंवा कॉम्प्रेसरची क्लच कॉइल बदलायची असेल तर २४ व्होल्टचीच घ्या. कारच्या दुकानातून स्वस्तात आणलेली १२ व्होल्टची कॉइल ट्रकला लावली की धूर निघतो.

जून ते सप्टेंबर उघड्या शेडमध्ये एसीचे पाइप उघडू नका. एसीचं तेल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडे त्या चार महिन्यांत हवेत दुसरं असतं काय!

४. गॅस काढा, सोडू नका

एसी चालत असेल तर आधी दहा मिनिटं चालवा, म्हणजे पाइपांत पसरलेलं तेल बरंचसं कॉम्प्रेसरकडे परत येतं. मग इंजिन बंद करा आणि गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरणारं रिकव्हरी मशीन लावा. मशीन नसेल तर ते असलेल्या एसीवाल्याला बोलवा किंवा गाडी त्याच्याकडे न्या. व्हॉल्व्हची पिन दाबून गॅस हवेत सोडायची सवय सगळीकडे आहे, ती मोडा. एसीतला आर-१३४ए गॅस हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो, बोटावर आला तर कातडी गोठते. हवा तापवण्यात तो त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त भारी पडतो. शेडमध्ये बाजूला वेल्डिंग चालू असेल तर ज्वाळेत त्याचा विषारी धूर होतो.

किती ग्रॅम गॅस निघाला आणि त्याबरोबर किती तेल आलं ते लिहून ठेवा. गॅस गाडीतल्या एसीच्या स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा बराच कमी निघाला तर एसीतही गळती आहे. ती शोधायची उत्तम वेळ हीच.

> तपासा: गेज लावून, इंजिन बंद असताना, साधारण ३० अंश तापमानाला दोन्ही काटे ९५ ते १०० पीएसआयच्या (दाबाचं माप) आसपास दिसले, तर आत आर-१३४ए आहे एवढंच कळतं. किती आहे ते कळत नाही, कारण थेंबभर द्रव उरलेला असला तरी काटा तिथेच राहतो. काटा यापेक्षा खूप वर असेल तर आत हवा किंवा दुसराच गॅस मिसळलेला आहे. स्वस्तात भरलेला तो गॅस पेट घेणाराही असू शकतो. एसीवाल्याला आधी सांगा.

५. केबिन, कूलंट, होज

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. चाकांना ठोकळे लावा, बॅटरी कटऑफ करा.

आता केबिन उचला. हो, डॅशबोर्ड उघडण्याआधी. एकदा स्क्रू आणि पॅनेल सुटे झाले की केबिन उचलता येत नाही. त्याआधी केबिन रिकामी करा: पाण्याच्या बाटल्या, डॅशबोर्डवरची मूर्ती, जॅकचा दांडा, स्टोव्ह. माझ्या शेडमध्ये एकदा पान्यांची पेटी मागच्या बर्थवर राहिली. केबिन निम्मी उचलली आणि पेटी घसरत जाऊन पुढच्या काचेतून बाहेर. काम हीटरचं, बिल काचेचं, आणि तेही माझ्याच खिशातून. केबिन वर गेल्यावर लॉक बसल्याची खात्री केल्याशिवाय कुणीही खाली डोकं घालायचं नाही.

रेडिएटरखालून कूलंट स्वच्छ टबात काढा. गटारात सोडू नका, जमिनीवर सांडलेलं लगेच धुऊन टाका. गोड लागतं म्हणून शेडमधली कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

होज ओढून किंवा पक्कडीने पिळून काढू नका. ब्लेडने लांबीत चीर द्या आणि साल सोलावी तसा सोला, नवा होज आणलेलाच आहे. पिळल्याने कोरची नळी वाकली तर जुन्या कोरचं नुकसान नाही, पण हीच सवय नव्या कोरवरही चालते. कुठला होज इंजिनकडून येतो आणि कुठला परत जातो त्यावर रंगाची खूण करा. मग केबिन खाली घ्या.

६. डॅशबोर्ड आणि डबा

यात सांगण्यासारखं थोडंच आहे. प्रत्येक पॅनेल काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. प्रत्येक पॅनेलचे स्क्रू वेगळ्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी. शेवटी चार स्क्रू उरले तर ते कुठले हे त्याशिवाय कळत नाही. वायरिंगचे सॉकेट कुलूप दाबून सोडवा, वायर धरून ओढू नका. डबा बाहेर घेताना उताणा करू नका, कोरमध्ये लिटरभर कूलंट असू शकतं. खाली गोणपाट अंथरा.

एसीचे पाइप सोडवताना दोन पाने वापरा, एकाने धरायचं आणि दुसऱ्याने फिरवायचं. एकच पाना लावला की अॅल्युमिनियमचा पाइप पिळवटतो. सुटलेल्या प्रत्येक तोंडाला त्याच क्षणी बूच लावा. चहा पिऊन आल्यावर नव्हे.

७. नवा कोर

बसवण्याआधी बादलीत बुडवून बघा. सायकलच्या ट्यूबसारखंच: एका नळीला बूच, दुसरीतून हवा, बुडबुडे दिसतात का बघायचं. हवा १५ पीएसआयच्या वर नको. ट्रकच्या टाकीतली किंवा कॉम्प्रेसरची हवा रेग्युलेटरशिवाय दिलीत तर नवा कोर बादलीतच फुगेल. दुकानातून नवा आणलेला पार्ट गळका निघत नाही, असं ज्याला वाटतं त्याने अजून पुरेसे पार्ट आणलेले नाहीत.

जुना कोर कशाने गेला तेही बघा. आत तांबडा गाळ असेल तर रेडिएटर आणि ब्लॉक धुतल्याशिवाय नवा लावू नका. वर्षा-दोन वर्षांत दुसऱ्यांदा गेलेला कोर असेल तर अर्थिंग तपासा. हे नवा कूलंट भरल्यावर करायचं: मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी रेडिएटरमधल्या पाण्यात, धातूला न टेकवता. इंजिन चालू, दिवे आणि ब्लोअर चालू. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर कुठलीतरी अर्थ वायर सुटली आहे आणि करंट कूलंटमधून वाट काढतोय. असा करंट अॅल्युमिनियम खातो.

फोमच्या पट्ट्या विसरू नका. ही चूक सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात उशिरा कळते. कोरच्या कडेने फट राहिली की हवा कोरला वळसा घालून जाते आणि हीटर मरगळलेला राहतो. उलट बाजूनेही तेच, फ्लॅपच्या कडेचा फोम झडला की मे महिन्यात एसीच्या थंड हवेत कोरची गरम हवा मिसळते. ड्रायव्हर म्हणतो गॅस कमी आहे, एसीवाला गॅस भरत राहतो.

८. कूलिंग कॉइल आणि ड्रायर

डबा उघडा आहे तोवर कॉइल धुऊन घ्या. वडाळ्याला सिमेंट-रेती ओढणाऱ्या गाडीच्या कॉइलवर मी अक्षरशः प्लास्टर पाहिलंय. हवा येते त्याच्या उलट बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. प्रेशर गनने पाती झोपतात. पाण्याची नळी फुंकून मोकळी करा.

ओ-रिंग सगळ्या नव्या, एसीचंच तेल लावून. इंजिन ऑइल नको, ग्रीस तर नकोच. कॉइल बदलली असेल तर तिच्यात राहणारं तेल कंपनीच्या मापाने मोजून घाला, अंदाजाने नव्हे. ड्रायर सगळ्यात शेवटी. त्याची बुचं काढली की तो हवेतलं पाणी प्यायला सुरुवात करतो, म्हणून बाकी सगळे जोड आवळून झाल्यावरच.

९. डॅशबोर्ड लावण्याआधी

ही पायरी लोक गाळतात. डबा जागेवर बसवा, होज आणि पाइप जोडा आणि डॅशबोर्ड बाजूलाच राहू द्या.

पाणी: कूलंट भरा, टेस्टरने झाकणावरच्या आकड्याएवढा दाब द्या, अर्धा तास थांबा. कोरच्या जोडाखाली कोरडा कागद ठेवा, ठिपका पडला की दिसतो.

गॅस: रेग्युलेटर लावलेल्या सिलिंडरमधून कोरडा नायट्रोजन १५० पीएसआयपर्यंत आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी. ऑक्सिजनचा सिलिंडर शेडमध्ये जवळ असतो म्हणून तो लावायचा मोह होतो. तेलाशी ऑक्सिजन भेटला तर स्फोट होतो, चर्चेचा विषयच नाही.

फ्लॅप: गरम-थंडचं बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि फ्लॅप दोन्हीकडे पूर्ण टेकतो का ते डोळ्यांनी बघा. केबलची क्लिप एक खाच चुकली तरी नंतर अख्खं आयुष्य कोमट हवा.

मी स्वतः एकदा रात्री साडेअकराला, पार्टी दारात उभी म्हणून, ही पायरी सोडली. सकाळी व्हॅक्यूम धरेना. चार रुपयांची ओ-रिंग तिरकी बसली होती, तीही डब्याच्या मागच्या बाजूला.

सगळं धरलं, तरच डॅशबोर्ड लावा.

१०. कूलंटमधली हवा काढा

कूलंट आणि डीएम पाणी, कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात. साधारण निम्मं-निम्मं चालतं. "मुंबईत बर्फ पडतो का" म्हणत नुसतं नळाचं पाणी भरू नका. मोठ्या डिझेल इंजिनात लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळकांड्याच्या) बाहेरून पाणी फिरतं, आणि कूलंटमधल्या रसायनांशिवाय तिथे बारीक भोकं पडत जातात. दोन वेगळ्या प्रकारची कूलंट मिसळू नका. रंग सारखा असला म्हणजे माल सारखा असतो असं नाही.

हीटर पूर्ण गरमवर ठेवा, नाहीतर कॉक बंद राहतो आणि कोरमध्ये हवा तशीच अडकते. सावकाश भरा. हवेचा स्क्रू असेल तर तो ढिला ठेवा, बुडबुड्याविना धार आली की आवळा. इंजिन सुरू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबा. दोन्ही होज गरम लागले की झालं. गरम इंजिनाचं झाकण उघडू नका, पातळी दुसऱ्या दिवशी थंड असताना बघा.

११. व्हॅक्यूम आणि गॅस

व्हॅक्यूम कमीत कमी ४५ मिनिटं, दमट दिवसात तासभर. नुसती हवा काढायची नाहीये, आतलं पाणी उकळवून बाहेर ओढायचंय. पंपाचं तेल बघा, ताकासारखं पांढरं झालं असेल तर पंप आवाज करेल पण ओढणार नाही. पंप बंद करून वीस मिनिटं काटा हलता कामा नये.

गॅस वजनाने भरा. स्टिकरवरचा आकडा आणि वजनकाटा, बस. "पाइप हाताला गार लागला की पुरे" ही पद्धत मुंबईच्या दमट हवेत हमखास जास्त गॅस भरवते. इंजिन बंद ठेवून हाय (जास्त दाबाच्या) बाजूने द्रव गॅस दिला असेल तर सुरू करण्याआधी कॉम्प्रेसरचा क्लच हाताने आठ-दहा वेळा फिरवा. इंजिन चालू असताना फक्त लो (कमी दाबाच्या) बाजूने, वाफेच्या रूपात, आणि तेव्हा हाय बाजूचा व्हॉल्व्ह बंद. तो उघडला तर उलटा दाब गॅसच्या डब्यात जातो आणि डबा तुमच्या हातात असतो.

> तपासा: १५०० आरपीएम, ब्लोअर पूर्ण, आतली हवा फिरती. बाहेर ३२-३५ अंश असताना लो बाजू साधारण ३० ते ५०, हाय बाजू २०० ते २७५ पीएसआय. दहा मिनिटांनी डॅशबोर्डच्या जाळीतून ८ ते १२ अंशांची हवा. हाय बाजू याच्या वर चढत राहिली तर गॅस काढायला धावण्याआधी कंडेन्सरचा (एसीचा गरम गॅस थंड करणाऱ्या रेडिएटरसारख्या भागाचा) पंखा आणि त्याच्या जाळीतली धूळ बघा.

१२. गाडी देताना

ड्रायव्हरला शेजारी बसवून पन्नास किलोमीटरची फेरी मारा, जमल्यास चढावर. परत आल्यावर इंजिन थंड होऊ द्या, कूलंटची पातळी बघा, पत्र्याजवळचे क्लॅम्प एकदा पुन्हा आवळा, कारण नवा होज पहिल्या गरमीत थोडा बसतो. मग क्लीनरच्या बाजूची मॅट उचला आणि खालच्या पत्र्यावर वर्तमानपत्राचा कागद पसरून ठेवा. ड्रायव्हरला सांगा, दोन दिवसांनी कागदाचा फोटो पाठव.